घाडगेसाहेबांचं प्रजासत्ताक

यशवंत घाडगे आमच्या गाडीतून आले होते, म्हणून आम्ही क्रांतिकारक झालो. नाहीतर मी आणि माझा नवरा सुहास, असल्या भानगडीत पडणारी माणसंच नव्हेत. सुहास गॅस कंपनीत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दिवसभर लोकांचं रक्त तपासून घरी आलं की स्वतःच्या अंगात काही उरलेलं नसायचं. दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं, फराळ करायचा, ओळखीच्या चार बायकांशी बोलायचं आणि घरी यायचं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती.

घाडगेसाहेब आमच्याच बिल्डिंगमध्ये, मतार कदीमला, खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. मूळचे विट्याकडचे. बायको कराडला शाळेत मुख्याध्यापिका, आणि ती नोकरी सोडून वाळवंटात येऊन भाज्या निवडत बसणार नाही, असं तिने लग्नातच सांगितलेलं. दोन मुली पुण्यात शिकत होत्या. तरीही कतारच्या भाषेत हा माणूस बॅचलर. इथे ज्याची बायको-मुलं सोबत नाहीत तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात. मॉलच्या दारात, बागेच्या फाटकाशी, शुक्रवारी 'फॅमिली ओन्ली' म्हणून अडवतात ते यांनाच. अर्थात इस्त्रीचा शर्ट घातलेल्या बॅचलरला कुणी अडवत नाही. अडवतात ते कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्यांना.

तर त्या दिवाळीला मंडळाने हॉल घेतला होता. बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पातून आपली काही मराठी माणसं आली. कुणी लातूरकडचे, कुणी चिपळूणचे, कुणी क्रेनवर, कुणी वायरिंगवर. नीट भांग पाडून, सेंट मारून आले होते बिचारे. दारातल्या कार्यकर्त्याने त्यांना बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "भाऊ, आज फॅमिली प्रोग्रॅम आहे. तुमच्यासाठी पुढे वेगळा करू ना आपण."

घाडगेसाहेब आमच्या मागेच चपलांच्या रॅकपाशी होते. चपला कसल्या, हा माणूस सेफ्टी शूज घालून दिवाळीला आलेला! त्यांनी काढलेला एक बूट परत पायात चढवला.

"का हो, कुठे निघालात?" कार्यकर्ता म्हणाला.

"मीही बॅचलर आहे."

"अहो साहेब, काहीतरीच! तुमचं वेगळं."

"ते कुठे लिहिलंय का?" एवढंच विचारून ते बाहेर पडले. आता ते आमच्या गाडीतून आलेले. त्यांना रस्त्यावर टाकून आम्ही चकल्या कशा खाणार? सुहासने माझ्याकडे बघितलं, मी हॉलमधल्या अनारशांच्या ताटाकडे बघितलं, आणि आम्हीही निघालो. मागोमाग वसईचा पास्कल परेरा आला, हॉस्पिटलात माझ्याच मजल्यावर ऑफिसात होता तो. त्याला कुठलंही भांडण अर्धवट सोडवत नसे. कॅम्पातल्या माणसांना घेऊन आम्ही एका केरळी हॉटेलात पराठे खाल्ले आणि मंडळ फुटलं.

मराठी माणसाने मंडळ फोडणं यात नवल काहीच नाही. नवल पुढे घडलं. बाकीचे म्हणाले, झकास, आता आपली संक्रांत कधी करायची ते ठरवू, मेनू ठरवू. घाडगेसाहेब म्हणाले, "थांबा. आधी अधिकार कुणाचा ते ठरवू."

या माणसाला एकच नाद होता. जगात कुठे कुठे लोक सरकारातून फुटून निघाले, स्वतःचं राज्य जाहीर केलं आणि मग काय केलं, हे वाचत बसायचं. लढाया त्यांना नको असायच्या. "झेंडा सगळेच शिवतात वहिनी," मला म्हणायचे. "दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल कुणी वाटलं? गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली तर निवाडा कुणी केला? ते सांगा. क्रांती एका दिवसाची असते, कारभार रोजचा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्यांनी 'क्रांती' म्हटलं की मी चहा ठेवायला उठायची.

हे वेड घरातून आलेलं. त्यांचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत, साताऱ्याकडच्या प्रतिसरकारात. लोक बंदुकांच्या आणि खजिन्याच्या गोष्टी सांगतात. घाडगेसाहेब सांगायचे ती बांधाची गोष्ट. गावाच्या पंचांमध्ये आजोबा होते, आणि त्यांच्यापुढे सख्ख्या मेव्हण्याचं बांध कोरल्याचं प्रकरण आलं. आजोबांनी निकाल मेव्हण्याच्या विरुद्ध दिला. बहीण त्यानंतर भाऊबीजेला आली नाही, कधीच नाही. "आजी रडायची," घाडगेसाहेब सांगायचे. "पण गावाने दुसऱ्या दिवशीपासून इंग्रजाच्या कोर्टात जायचं सोडलं." हे सांगताना आवाज चढत नसे. थकल्यासारखेच बोलायचे ते नेहमी, साइटवरची सगळी धूळ घशात बसल्यासारखे.

शेजारच्या देशांनी कतारची वाट बंद केली होती, त्या उन्हाळ्यात आमची घटना लिहिली गेली. बायका दही-दूध आता कुठून येणार या काळजीत, आणि आमच्या दिवाणखान्यात दर शुक्रवारी सकाळी घटना परिषद! सभा म्हणजे सगळे सभासद. कारभारी मंडळ सभेने निवडायचं, कुणीही लागोपाठ दोनदा कारभारी नाही. तंटे सोडवायला तिघांचं न्यायमंडळ, त्यातला एक कॅम्पातलाच असला पाहिजे आणि तिघे असल्याशिवाय ते बसणार नाही. सभेचा अध्यक्ष चिठ्ठी टाकून. त्याने वादात पडायचं नाही, मत द्यायचं नाही. घटना बदलायची तर आठवडाभर आधी सूचना आणि हजर असलेल्यांपैकी दोनतृतीयांश हात. माझे पोहे गार व्हायचे. आम्हाला गाण्याच्या भेंड्या खेळायच्या होत्या आणि हा माणूस आम्हाला सार्वभौम करत होता. माझी लेक दारातून डोकावून म्हणाली, "आई, आर वी अ कंट्री नाऊ?" मी म्हटलं, हो बाई, आणि पासपोर्ट मिळाला की आधी तू अभ्यासाला बस.

पास्कलने सुचवलं की घाडगेसाहेबांना संस्थापक म्हणून कायमचं पद द्यावं. ते इतके चिडले की चहाचा कप बशीवर आपटला. "संस्थापकाला खुर्ची दिली ना, की दोन वर्षांत तो खुर्चीलाच संस्था म्हणायला लागतो. मला बाकीच्यांसारखं एक मत द्या. खलास."

गावभर आमची टिंगल झाली. जुन्या मंडळाची माणसं 'घाडग्यांचं प्रजासत्ताक' म्हणून हसायची. आम्हालाही ते नाव आवडलं आणि तेच चिकटलं.

पण खरं सांगते, ते चाललं. कॅम्पातला लिंबाजी, औशाकडचा, टॉवर क्रेन चालवणारा, न्यायमंडळात बसला आणि एका डॉक्टरीणबाईंना माईक सोडत नाहीत म्हणून समज देऊन आला. पास्कल नाताळला वसईच्या पद्धतीचा आंबट-तिखट इंदेलचा मसाला घालून कोंबडी करायचा आणि लातूरची माणसं बोटं चाटायची. घाडगेसाहेब कोपऱ्यात बसून, सभेची पितळेची घंटा मांडीवर ठेवून, कोण कोणाशी बोलतंय ते बघायचे. त्यांना गाता येत नव्हतं, विनोद सांगता येत नव्हते, लहान मुलांशी बोलायचं तर थेट 'तुझं मत काय?' असं विचारायचे. तरी सगळ्यांत खुश तेच.

समैस्माच्या समुद्रावरची सहल मला कधी विसरता येणार नाही. कधी नव्हे ते घाडगेसाहेब उत्साहात आले आणि सभेला न विचारता त्यांनी सहलीची तारीख परस्पर जाहीर करून टाकली. कॅम्पातल्या एका पोरानेच तक्रार केली. मला वाटतं त्याला थोडी गंमतही करायची होती. न्यायमंडळ रीतसर बसलं. त्यातल्या पास्कलने काळा कोट नाही म्हणून हॉस्पिटलचं निळं जाकीट घातलं. "आरोपीला काही सांगायचंय?" आरोपी उभा राहून म्हणाला, "गुन्हा कबूल आहे." शिक्षा झाली: सहलीची सगळी भांडी घासायची.

आणि घासली हो! किनाऱ्यावर उकिडवं बसून, पायात तेच सेफ्टी शूज, पिठल्याची कढई वाळूने खरवडत होते. मला बघवेना. मी म्हटलं, "द्या इकडे, पुरे झाली शिक्षा." तर म्हणाले, "वहिनी, हात लावू नका. मला शिक्षा झाली म्हणजे संस्था उभी राहिली, कळतंय का?" आणि हसले. एवढं मोकळं हसताना त्यांना मी तेव्हाच पाहिलं.

मग फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ यायला लागला. बाहेरच्यांना तो टीव्हीवरचा खेळ वाटायचा. इथे तो खोदलेला रस्ता होता, रोज बदललेला डायव्हर्जन होता, घरी उशिरा येणारा नवरा होता. सगळ्या देशाला एकच तारीख गाठायची होती. घाडगेसाहेब एका मोठ्या कंत्राटदाराकडे प्लॅनिंग इंजिनिअर. कुठलं काम कोणत्या दिवशी, किती माणसं, किती पाळ्या, हे ठरवणारे. काम मागे पडलं की ते भरून काढायचा नवा प्रोग्रॅम तेच करायचे. त्यांचे डोळे सुजलेले दिसायला लागले. जिन्यात भेटले की 'काय म्हणता' एवढंही विचारायचं त्राण नसायचं.

कॅम्पातल्या लोकांचे शुक्रवार गेले. लिंबाजीचा फोन यायचा, "ताई, ह्या येळला बी जमत नाही बगा. शुक्करवारी बी ड्युटी लावलीय." एकदा नाही आले, दोनदा नाही आले, मग पानं मांडताना त्यांची पानं कुणी मांडेनासं झालं. इकडे नवीन कुटुंबं येत होती. पुण्या-मुंबईची तरुण जोडपी, चांगली माणसं, उत्साही. त्यांना आमच्या दिवाणखान्यात मांडी घालून बसण्यात रस नव्हता. त्यांना एका हॉटेलचा बँक्वेट हॉल हवा होता. आणि हॉटेलची अट काय, तर फॅमिली ओन्ली.

कारभारी होता निखिल वैद्य. मुलगा वाईट नव्हे, माझ्या लेकीला गणित शिकवायचा फुकट. त्याने घटनादुरुस्तीची सूचना दिली: सभासदत्व यापुढे फक्त कुटुंबांना. "कॅम्पातल्या दादांना आपण फराळाची पाकिटं पाठवूच की. आणि तसेही ते कुठे येतात आता?"

आठवड्याची सूचना, पुढचा शुक्रवार. चिठ्ठीने त्या सभेचे अध्यक्ष निघाले घाडगेसाहेब. आणि त्या शुक्रवारी बिरकत अल अवामेरच्या माणसांना दिवसभर साइटवर बोलावणारा प्रोग्रॅमही त्यांनीच केलेला. सभेची सूचना निघण्याच्या आधीच तो मंजूर होऊन गेला होता.

सुहास रोज खाली जाऊन त्यांची मनधरणी करायचा. सभा पुढे ढकला.

"अध्यक्षाला तो अधिकार नाही."

न्यायमंडळाकडून स्थगिती घ्या.

"लिंबाजीशिवाय ते बसत नाही. तो क्रेनवर."

मग मीच गेले. म्हटलं, "घाडगेसाहेब, हा मूर्खपणा आहे. माणसांसाठी घटना की घटनेसाठी माणसं? एकदा, फक्त एकदा डोळेझाक करा. घंटा हरवली म्हणा, ताप आला म्हणा!"

त्यांनी कोरा चहा माझ्यापुढे सरकवला. "आज मी आपल्या बाजूने वाकवली, तर उद्या निखिल त्याच्या बाजूने वाकवेल. मग त्याला कोण अडवणार, आणि कशाच्या जोरावर?" मला त्यांचा असा राग आला की चहा तसाच टाकून मी वर आले.

सभा झाली. निखिल चांगलं बोलला, हॉटेलचे फोटोही दाखवले. सुहास विरोधात बोलायला उठला. पण त्याला चार माणसांत बोलता येत नाही, 'हे बरोबर वाटत नाही' एवढं दोनदा म्हणून बसला. पास्कल बोलला, पण तो भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध, लोक हसले. आणखी कुणी? घाडगेसाहेबांनी विचारलं, थांबले, सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांची जीभ ओठांवरून फिरलेली मी पाहिली. मग त्यांनी हात मोजले. दोनतृतीयांशाहून जास्तच भरले.

"ठराव संमत," म्हणाले आणि घंटा वाजवली.

निखिल धावत पुढे आला. "साहेब, तुमचं वेगळं हं! तुम्ही आमचे सन्माननीय सभासद."

"घटनेत तसं कलम नाही," घाडगेसाहेब म्हणाले. "माझं कुटुंब कराडला आहे. या क्षणापासून मी सभासद नाही, त्यामुळे आभारप्रदर्शन तुम्ही करा." घंटा त्यांनी निखिलच्या हातात दिली. तो पोरगा लाल झाला. दोन बायका रडल्या, मत त्यांनीही ठरावालाच दिलं होतं.

"मला बिरकत अल अवामेरला सोडाल का?" त्यांनी सुहासला विचारलं. "पाळी सुटायच्या वेळेला पोचू. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

मी मागे बसले, ते पुढे. बाहेर पांढरं ऊन, रस्त्याकडेला वर्ल्ड कपचे झेंडे लावायला सुरुवात झाली होती. वाटेत कराडहून फोन आला. दर शुक्रवारी यायचा. गाडीत आवाज होता म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं माहीत होतं, तिथूनही त्या या प्रजासत्ताकावर लक्ष ठेवून असायच्या.

"झाला का मंजूर?"

"झाला."

"तुम्ही काय बोललात?"

"मी अध्यक्ष होतो. अध्यक्षाने बोलायचं नसतं."

मग बाई म्हणाल्या, "अहो, मग खुर्ची दुसऱ्याला देऊन खाली उतरायचं आणि बोलायचं. मी शाळा समितीत दरवेळी करते. तुमच्यात तसं चालत नाही का?"

चालत होतं. कलम त्यांनीच लिहिलेलं. पास्कलने एकदा सर्दी झाली म्हणून खुर्ची सुहासला दिलेली. आठवडाभर आम्ही सगळे तारखा पुढे ढकलायच्या, ताप आणायच्या गोष्टी बोलत होतो. हे मला सुचलं नाही, सुहासला नाही, आणि त्या माणसालाही नाही. गप्प बसायचा नियम पाळण्यात तो इतका गुंतला होता की बोलायचाही नियम आहे, हे विसरूनच गेला.

"सुचलं नाही," घाडगेसाहेब म्हणाले.

"दमला असाल तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या. "जेवलात का?"

त्यांनी फोन बंद केला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मागून त्यांचा खांदा थोपटायला हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. सुहासने एसी उगाचच वाढवला.

कॅम्पच्या फाटकाशी बस नुकतीच लागली होती. बायकांना तिथे आत सोडत नाहीत, मी गाडीतच बसले. काचेतून दिसत होतं. माणसं उतरत होती, कपड्यांवर सिमेंटची पांढरी पुटं, हातात डबे, तोंडाला गुंडाळलेली फडकी. लिंबाजीने घाडगेसाहेबांना पाहिलं आणि इतरांना हाक मारली. भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात ती सगळी त्यांच्याभोवती उभी राहिली.

मला वाटलं, दोन वाक्यांत सांगतील आणि येतील. पण ते बोलतच राहिले. हात हलवून, एकेक बोट मोडून, मध्येच थांबून, पुन्हा सुरू करून. मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. काच बंद होती, शब्द ऐकू आले नाहीत. पण काय चाललंय ते मला कळलं. ते त्या माणसांची बाजू मांडत होते. त्यांना का काढू नये, ते त्यांनाच पटवून देत होते.

कुणी हललं नाही. बारा तासांची पाळी करून आलेली माणसं, आंघोळीच्या रांगा आत लागत होत्या, तरी डबा या हातातून त्या हातात घेत शेवटपर्यंत ऐकत राहिली. बोलणं संपलं. घाडगेसाहेब हात खाली सोडून नुसते उभे राहिले, पुढे काय करायचं ते न कळल्यासारखे.

लिंबाजीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. त्याच्या मागच्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, आणि मग एकेक करून, कशासाठी ते न विचारता, सगळ्यांनीच केले.